वाटणीतली काळी वायर

वरच्या मजल्यावर गीझरचं बटण खट्टकन वाजलं आणि खाली सकीनाच्या स्टॅबिलायझरचा काटा वर चढायला लागला.

सकीनाचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्यावर नव्हतंच, काट्यावर होतं. हिवाळा लागल्यापासून ती अशीच काम करत होती. एक डोळा दावतनाम्यावर, म्हणजे लग्नपत्रिकेवर, आणि एक डोळा काट्यावर. काटा हिरव्या पट्ट्यात असला की तिची बोटं कीबोर्डवर पळायची. तो लालकडे झुकला की आधी फाइल सेव्ह करायची, मग कॉम्प्युटर बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, आणि एवढ्यानं समाधान झालं नाही तर प्लगच उपसून काढायचा. आताही तिनं तेच केलं. डोक्यावरची ट्यूब फटफटीत पांढरी झाली होती आणि पंखा अंगात आल्यासारखा फिरत होता.

"लागले कामाला," ती छताकडे बघून म्हणाली.

"अम्मी, हळू बोल," सिदरा म्हणाली. ही तिची एकुलती एक मुलगी. शाळेची वेणी घालत आरशासमोर उभी होती.

"का म्हणून? ऐकावं म्हणूनच बोलतेय."

वरून काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला. ऐकू गेलं होतं.

पनवेलच्या गाढी नदीकडच्या मोहल्ल्यातलं हे दुमजली घर सकीनाच्या सासऱ्यांनी बांधलेलं. खाली रस्त्याकडच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीमुळे घराला तीन फेजची वीज होती. सासरे गेले, गिरणी विकली, वीज तशीच राहिली. सकीनाचा नवरा कुवेतला नोकरीला होता, तो तिथेच आजारी पडून गेला. मग नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात घराची वाटणी झाली. वरचा मजला, गच्ची आणि जिना थोरल्या दिराला, म्हणजे मुश्ताकभाईला. खालचा मजला आणि अंगण सकीनाला.

मुश्ताकला ही वाटणी पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्याला रस्त्याकडची खोली हवी होती, मोबाइलचं दुकान टाकायला. "एकटी बाई, खालचं घर घेऊन करणार काय?" तो नातेवाइकांत बसून म्हणायचा. "करंज्याला भाऊ आहे तिचा. जाईल तिकडे. आज नाही तर उद्या जाईलच."

जायचं नाही, एवढं एकच सकीनानं ठरवलं होतं. करंज्याच्या भावाची बायको चार दिवसांच्या पाहुणीलाही भांडी मोजून द्यायची. तिथे जन्मभर पाहुणी होऊन राहण्यापेक्षा सकीना कॉम्प्युटरपुढे बसली. लग्न झाल्यावर नवऱ्यानंच तिला तो शिकवला होता. उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत निकाहचे दावतनामे ती इतके देखणे जुळवायची की बाजारातला प्रेसवाला शाहीद सगळी कामं तिच्याकडे पाठवायला लागला. आखातातले नवरदेव सुट्टीवर आले की लग्नं घाईत ठरतात, पत्रिका त्याहून घाईत लागतात. या कामावर तिचं घर चालत होतं. हे काम थांबलं की ती करंज्याला आणि मुश्ताक खाली, इतका सरळ मामला होता.

वाटणी झाल्यावर दोन्ही घरांनी हद्दी आखायला सुरुवात केली. एका संध्याकाळी मुश्ताकनं जिन्याच्या पायऱ्यांवरच्या सकीनाच्या कुंड्या उचलून अंगणात आणून ठेवल्या.

"जिना माझ्या वाट्याला आलाय," तो म्हणाला.

सकीना कमरेला ओढणी खोचून अंगणात उभी राहिली. "जिना तुमचा, तर भिंत माझी. माझ्या भिंतीवरून तुमची वायर गेलीय, भाईजान. काढा ती."

आता ही वायर कुठली, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. मीटर आणि मेन स्विच फाटकाशी होते. तिथून लाल आणि पिवळी अशा दोन वायरी पाइपातून जिन्याखालच्या कपाटात जायच्या. लाल वर, पिवळी खाली; गिरणीची निळी गिरणीबरोबरच बंद झाली होती. तिसरी वायर काळी. ती दोन्ही घरांची मिळून एकच होती. सासऱ्यांच्या काळात पाइपातली जुनी काळी वायर जळाली, नवी काही केल्या पाइपात शिरेना, म्हणून त्यांनी ती बाहेरून, खालच्या भिंतीवर खिळे मारून नेली होती.

मुश्ताक टेस्टर आणि पक्कड घेऊन खाली उतरला. मस्कतला तो काही वर्षं एसीच्या कंपनीत होता, त्यामुळे विजेतलं आपल्याइतकं पनवेलात कुणाला कळत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. त्यानं कपाट उघडून लाल वायरीला टेस्टर लावला. पेटला. पिवळीला लावला. पेटला. काळीला लावला. नाही पेटला.

"बघ," तो म्हणाला, "हिच्यात जीवच नाही. मेलेली वायर आहे. अब्बांनी फुकटची ओढून ठेवलेली."

"जिवंत असो की मेलेली, माझ्या भिंतीवर नको."

त्यानं मेन स्विच पाडला, खटाखट खिळे उपटले, दोन्ही टोकं तोडून वायर काढली आणि मेन पुन्हा वर केला. दिवे लागायची वेळ होती. दोन्ही घरांत सारखेच दिवे, सारखेच पंखे चालू. सगळं होतं तसं लख्ख पेटलं.

"पेटलं ना? मी काय म्हणालो?"

"पेटलं. भिंत मोकळी झाली," सकीना म्हणाली.

वाटणीनंतर त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढं एकदाच. मुश्ताकनं वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं, जिन्याखालच्या कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तो वर निघून गेला.

त्यानंतर घरात विजेनं थैमान मांडलं. न्हाणीतला बल्ब फटाक्यासारखा फुटला. मोबाइलचा चार्जर वितळला. आणि एका सकाळी ऐन कामात असताना नवऱ्यानं कुवेतहून पाठवलेल्या कॉम्प्युटरमधून फट्ट असा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा झाला.

शाहीदनं तो उघडून बघितला आणि मान हलवली. "बाजी, आतलं सगळं भाजलंय. काय दिलंत याला?"

"मी काय देणार? वरून आलं."

शाहीदला ते विजेच्या तारांबद्दल वाटलं. सकीनानं बोट मात्र छताकडे केलं होतं.

त्यानं प्रेसमधला जुना कॉम्प्युटर तिला वापरायला आणून दिला. सोबत भडकलेली वीज अडवणारा एक स्पाइक बस्टर आणला. तो जळून काळा पडला तेव्हा काट्याचा स्टॅबिलायझर आणला, त्याच्या पुढे यूपीएस जोडला. स्टॅबिलायझर दिवसभर आतल्या आत टकटक करायचा, सहन झालं नाही की वीज तोडून टाकायचा. मग यूपीएस कोंबडीच्या पिलासारखा चिवचिवायचा. डब्यावर डबे वाढत गेले. आग कुठे लागलीय ते न बघता दारापुढे पाण्याच्या बादल्या मांडत राहावं, तसा हा प्रकार होता.

"बाजी, हा प्रेसचा शेवटचा पीसी," शाहीद जाताना म्हणाला होता. तो माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही धंदा होता. "हाही गेला तर मला काम खारघरला द्यावं लागेल. तिथे एक जण तिन्ही भाषांत करून देतो. वाईट वाटून घेऊ नका."

सकीनानं वायरमनलाही बोलावलं. कोन गावचा गोरख. त्यानं फाटकापाशी मीटर तपासला, मेन स्विचला दिवा लावून बघितला.

"मीटरपर्यंत सगला बरोबर हाय," तो म्हणाला. "म्होरचा बघाया लागंल. जिन्याखालचा कपाट उघडा."

"किल्ली वर आहे."

"मंग आना की."

"मी वर जाणार नाही."

"पोरीला पाठवा."

"तीही जाणार नाही."

गोरखनं एकदा वर बघितलं, एकदा सकीनाकडे. मग त्यानं हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली. "तुमची वीज बरी हाय, ताई," तो टांग टाकत म्हणाला. "बिघाड दुसरा हाय." आणि गेला.

वरचे हे मुद्दाम करतात, याबद्दल सकीनाच्या मनात शंका उरली नव्हती. गीझर लागला की काटा वर. गीझर बंद झाला की काटा खाली. मस्कतला शिकून आलेल्या माणसाला काय अवघड? काहीतरी जोडून ठेवलं असणार, वरची सगळी वीज खाली ढकलायला.

मग एका दुपारी तिच्या हाती हत्यार लागलं.

ती सिदराचा गणवेश इस्त्री करायला बसली होती. इस्त्री तापली, तोच वरून रुकय्याभाभीची, म्हणजे मुश्ताकच्या बायकोची किंकाळी ऐकू आली. "अहो, टीव्ही बघा, टीव्ही! कसा झालाय बघा!" सकीनानं इस्त्री बंद केली. वरचा गलका थांबला. तिनं पुन्हा लावली. पुन्हा गलका. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. दुसऱ्या दिवशी, भाभीची मालिका लागायच्या वेळेला, तिनं इस्त्री तर लावलीच, शिवाय पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला. आधी कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवायला ती विसरली नाही. काही क्षणांत वर फट्ट झालं. तोच आवाज. तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

नवा, भिंतीवर लावायचा टीव्ही होता तो. सकीनानं त्या दिवशी सिदरासाठी शिरखुर्मा केला.

"आज काय आहे, अम्मी?"

"काही नाही. मन झालं."

वरच्यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्यांनी गीझर सकाळपासून चालूच ठेवायला सुरुवात केली. शिवाय गच्चीवर धुतलेल्या चादरी पिळल्याविना वाळत टाकायच्या, म्हणजे पाणी नेमकं खालच्या अंगणात, सकीनाच्या दारापुढे ठिबकायचं. त्यावरून वेगळं भांडण. पण कुणी कुणाशी समोर येऊन बोलत नव्हतं. जे काही बोलायचं ते छताला, भिंतीला आणि जिन्याला.

आजचा दिवस मात्र वाईट होता. शिरढोणच्या एका घरातल्या निकाहचा दावतनामा शाहीद दुपारी न्यायला येणार होता, आणि गीझर काही बंद होईना. काटा लालमध्ये ठाण मांडून बसला होता. सिदराच्या शाळेला सुट्टी होती असं नाही, पण आईचा चेहरा बघून तिनं दप्तर खाली ठेवलं होतं.

"बघतेच आता," सकीना म्हणाली. तिनं इस्त्री लावली, रॉड बादलीत टाकला, आणि वरून किंकाळी येते का म्हणून कान टवकारले.

किंकाळी आली नाही.

"अम्मी," सिदरा म्हणाली, "काटा बघ."

काटा हळूहळू लालमधून खाली उतरला आणि हिरव्या पट्ट्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. ट्यूबही शहाण्यासारखी जळत होती.

"तू लावलंस तर उतरला. असं कसं?"

"कसं का असेना," म्हणत सकीनानं प्लग लावला आणि ती कामाला बसली. बाजूला इस्त्री कुणाच्याही कपड्यांवर न फिरता तापत होती, बादलीतलं पाणी उगाचच उकळत होतं, आणि ती वधूच्या वालिदांचं नाव जुळवत होती. शेवटची ओळ झाली. तिनं सेव्हचं बटण दाबलं.

त्याच वेळी वरच्या गीझरमधलं पाणी तापलं आणि तो आपोआप बंद झाला.

खालची ट्यूब मलूल होऊन विझली. यूपीएस चिवचिवायला लागला. आणि वर असा धडाका झाला की सिदरानं कानांवर हात ठेवले.

"सकीना!" मुश्ताकचा आवाज जिन्यात घुमला. "बाहेर ये! ये बाहेर! फ्रीज फुंकलास माझा!"

सकीनानं कॉम्प्युटर बंद केला, इस्त्री आणि रॉडचे प्लग ओढले आणि ती बाहेर आलीच. कुंड्यांच्या भांडणानंतर पहिल्यांदा ती त्याच्यासमोर उभी होती. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर, ती अंगणात. रुकय्या वर कठड्याला रेलून.

"मी फुंकला? मी खाली, फ्रीज वर. माझा हात एवढा लांब आहे?"

"आधी टीव्ही, आता फ्रीज! काय करतेस काय तू खाली बसून?"

"तुम्ही वर बसून जे करता तेच!"

"ही इस्त्री लावते!" रुकय्या ओरडली. "हिची इस्त्री लागली की आमचे दिवे भडकतात. मला सगळं कळतं!"

"आणि तुमचा गीझर लागला की माझे दिवे भडकतात, ते नाही कळत? माझा कॉम्प्युटर कुणी खाल्ला?"

"आमच्या गीझरचं नावच काढू नकोस. गीझर लावला की आमच्याकडे अंधार होतो. पाणी तापायला सकाळची दुपार होते. थंडीत पोरं कोमट पाण्यानं अंघोळी करतायत. तूच खेचतेस आमची वीज!"

"मी खेचते? तुम्ही ढकलता ती! रात्रंदिवस ढकलता!"

"ढकलायला ती काय म्हैस आहे?" मुश्ताक गरजला.

फाटकापाशी माणसं जमायला लागली. एवढ्यात शाहीदची मोटरसायकल येऊन थांबली. त्यानं गर्दी बघितली, जळका वास घेतला आणि काही न विचारता सरळ आत गेला. बाहेर आला तेव्हा कॉम्प्युटरचा खोका त्याच्या काखेत होता, वायरी लोंबत होत्या.

"बाजी, माफ करा. जिवंत आहे तोवर नेतो मी हा."

सकीना त्याच्यामागे दोन पावलं गेली. "शाहीदभाई, काम झालंय. त्यातच आहे सगळं."

"प्रेसमध्ये काढून घेतो. पण पुढचं मी खारघरला..."

"ने, ने," मुश्ताक पायरीवरून म्हणाला. त्याच्या फ्रीजचं दुःख क्षणात अर्धं झालं होतं. "कॉम्प्युटरचं काम म्हणजे काय भाकऱ्या भाजणं आहे? सकीना, करंज्याची एसटी कधी सुटते ते विचारून सांगू का?"

सिदरा मात्र वर बघत होती, खाली बघत होती. मग ती मुश्ताकला म्हणाली, "बडे अब्बा, तुमचं जड झालं की तुमचं खाली जातं आणि आमचं वर. आमचं जड झालं की आमचं खाली आणि तुमचं वर."

"मोठ्यांत बोलू नकोस."

"आणि आज दोघांचं सारखं जड होतं, तेव्हा काटा मधोमध होता. मी बघितलंय. बागेतल्या सी-सॉसारखं. पण अम्मी, सी-सॉ एवढा उलटापालटा होतो तो मधला खांब असूनही. इथे तर फळी धरून ठेवायला काहीतरी हवं ना? दोघांच्या मध्ये काय होतं?"

शाहीद खोका घेऊन फाटकाकडे निघाला होता.

सकीनाच्या कपाळावर टपकन पाण्याचा थेंब पडला. रागानं तिनं वर बघितलं. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या चादरी लटकत होत्या. आज पहिल्यांदाच तिनं चादरींच्या वरती बघितलं. त्या ज्या दोरीवर होत्या ती दोरी नव्हती. ती काळी वायर होती.

दोघांच्या मध्ये काय होतं, ते तिला कळलं. आणि ते कुणी काढायला लावलं, तेही त्याच क्षणी कळलं. बोललं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. पण शाहीदनं खोका मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलाही होता.

"थांबा, शाहीदभाई," ती म्हणाली. मग मुश्ताककडे वळली. "भाईजान, अब्बांची काळी वायर काढली, त्यानंतर सुरू झालं हे सगळं. त्याआधी इस्त्रीही होती आणि गीझरही होता."

मुश्ताकचीही नजर वर गेली. "मेलेली वायर होती ती," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. "टेस्टर पेटत नव्हता."

"गोरखला बोलवा. तो काय म्हणतो ते बघू."

"माझं कपाट कुणी परका..."

"नका उघडू मग," सकीना म्हणाली. "फ्रीज गेला. गीझर राहिलाय, मिक्सर राहिलाय. माझ्याकडे आता जळायला काही नाही. इस्त्री मात्र शाबूत आहे."

फाटकाशी कुणीतरी हसलं. रुकय्या वरून ओरडली, "अहो, उघडा ना ते मेलं कपाट!"

शाहीदनंच गोरखला फोन लावला. तो येईपर्यंत कुणीही हललं नाही. मुश्ताक पायरीवर बसून राहिला, सकीना उंबऱ्यात. मधे चादरींचं पाणी ठिबकत होतं.

गोरखनं कपाट उघडलं, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"मीटरची काली वायर कुठं हाय?"

सिदरानं बोट वर केलं.

गोरखनं मान वर करून त्या चादरींकडे बघितलं. "मला वाटला काली बी पाइपातूनच आली आसंल," तो म्हणाला. मग मुश्ताककडे वळला. "कुनी काडली?"

"टेस्टर पेटत नव्हता तिच्यात," मुश्ताक म्हणाला.

"अवो भाई, तिच्यात पेटतच नसतो! वीज येते तशी परत जायाला नको? लालीतून तुमची येते, पिवलीतून यांची येते, आन दोगांची परत जाते ती कालीतून. तुमी तो रस्ताच तोडला. मंग ती जानार कुटं? तुमची वीज यांच्या घरातून जाते आन यांची तुमच्या घरातून. दोन घरा मिलून दिव्यांची एकच माला झालीय. जो कमी वापरतो त्याच्या डोक्यावर जास्त बसते. घर जलला नाय, नशीब समजा. तुमी दोगा एकमेकांकडं जात नव्हतात ना? वीज जात व्हती."

गर्दीत हशा पिकला. मुश्ताकचे कान लाल झाले.

"मी काढली नाही," तो म्हणाला. "हिनं काढायला लावली. भिंत माझी, वायर काढा, असं म्हणाली. विचारा तिला."

सगळ्यांच्या नजरा सकीनाकडे वळल्या.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्ही मेलेली म्हणालात, मी नको म्हणाले."

"मग आता लाव म्हण. तूच तोंडानं काढ म्हणालीस, आता तूच तोंडानं लाव म्हण. सगळ्यांसमोर. नाहीतर मला काय, मी विजेच्या ऑफिसातून वेगळं मीटर आणीन. तू बस अंधारात, येईल तेव्हा येईल तुझं."

वेगळ्या मीटरला किती दिवस लागतात हे सकीनाला ठाऊक होतं. तेवढ्यात खारघरवाला सगळं काम घेऊन बसला असता. तिनं त्या मोकळ्या भिंतीकडे बघितलं. खिळ्यांची भोकं तिनं स्वतःच्या हातानं चुन्यानं बुजवली होती. वाटणीत भांडून मिळवलेली तेवढी एकच गोष्ट होती, जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क उरला नव्हता.

"लावा," ती म्हणाली.

"कुठून लावा? नीट सांग."

"माझ्या भिंतीवरून लावा. पण या कपाटाला कुलूप राहणार नाही. जिना तुमचा, कपाटाचं दार दोघांचं. नाहीतर इस्त्री आहेच."

मुश्ताकनं दात-ओठ खाल्ले. मग कपाटाचं कुलूप काढून त्यानं ते अंगणात भिरकावलं. ते सकीनाच्या कुंडीवर आपटलं, कुंडीचा एक कोपरा उडाला.

"मुद्दाम मारलंत," सकीना म्हणाली.

"हो," मुश्ताक म्हणाला आणि वर गेला.

गोरखनं मेन पाडला. गच्चीवरची वायर उतरवायची का म्हणून सिदरानं विचारलं, तर तो नको म्हणाला. "ऊन खाल्लाय तिनं, चिमट्यानं सोलली हाय. ती आता चादरीलाच बरी." त्यानं बाजारातून नवी काळी वायर आणली आणि नव्या जागी नवे खिळे ठोकले. प्रत्येक ठोक्याला सकीनाच्या भिंतीचा चुना झडत होता. ती उभी राहून बघत होती. सिदरा गोरखच्या हातात एकेक खिळा देत होती आणि कुठली वायर कुठे जाते ते विचारत होती. तोही न कंटाळता सांगत होता.

मेन वर गेला. शाहीदनं खोका पुन्हा आत आणला, वायरी जोडल्या. "आजचं काम इथूनच घेतो," तो म्हणाला. "पुढचं बघू."

"पुढचंही इथूनच न्याल," सकीना म्हणाली.

तिनं यूपीएस लावला. तो चिवचिवला नाही. पडद्यावर शिरढोणचा दावतनामा उघडला, शेवटच्या ओळीसकट. वर गीझरचं बटण खट्टकन वाजलं. तिचा हात सवयीनं प्लगकडे गेला आणि थांबला. काटा हिरव्या पट्ट्यात होता. तो तिथेच राहिला.

मग बाहेर टप टप आवाज यायला लागला. रुकय्यानं चादरी पुन्हा बुचकळून आणल्या होत्या आणि त्याच जुन्या वायरीवर, नेमक्या दाराच्या वर, एकेक करून टाकत होती.

सकीना उठली. ओढणी कमरेला खोचून ती अंगणात गेली आणि वर तोंड करून तिनं सुरुवात केली. वरूनही तितक्याच दमदारपणे उत्तर आलं. मुश्ताक मधे पडला, मग त्यालाही उत्तर मिळालं. आवाज नदीपर्यंत गेला असेल.

आत सिदरा स्टॅबिलायझरपुढे बसून काट्याकडे बघत होती. बाहेर तिघांचा आवाज चढत चाललेला, वर गीझर चालू. काटा जागचा हलला नाही.